सतरा इंचांवरून जमिनीपर्यंत

सुतारकाम मी एक्कावन्नाव्या वर्षी सुरू केलं, ते एका प्लास्टिकच्या खुर्चीमुळं.

खुर्ची माझ्या थोरल्या भावाची. दादा माझ्याहून चौदा वर्षांनी मोठे. वडील लवकर गेले, त्यामुळं माझी शाळा, माझं लग्न, नोकरी लागल्यावर धाराशिवात भाड्याची खोली बघणं, हे सगळं त्यांनीच केलं. गाव लांब नाही. बेंबळीच्या गाडीनं जायचं, फाट्यावर उतरायचं, तिथून पायी दहा मिनिटं. मी एका कार्यालयात आवक-जावक सांभाळते. येणाऱ्या प्रत्येक कागदावर क्रमांक टाकायचा आणि जाणाऱ्या प्रत्येकाची नोंद ठेवायची, अशी सव्वीस वर्षं गेली. त्यामुळं घरीही माझ्या वह्या असतात. वाण्याची यादी, गॅस कधी लावला, कुणाला कधी फोन करायचा, सगळं वहीत. वहीत नसलेलं काम माझ्या हातून होत नाही, आणि वहीत लिहिलेलं राहत नाही, असा माझा समज होता.

दादांच्या अंगावरून वारं गेलं तेव्हा ते त्रेसष्ट वर्षांचे होते. उजवी बाजू गेली. सहा महिन्यांच्या व्यायामानं ते काठीवर चालू लागले, बोलणंही बरंचसं सुधारलं. पण खाली बसणं गेलं ते गेलंच. बसले तर उठता येत नव्हतं. भाच्यानं, म्हणजे दादांच्या मुलानं, त्यांच्यासाठी हातांची प्लास्टिकची खुर्ची आणली आणि तेव्हापासून जेवण, चहा, अंगण, सगळं त्या खुर्चीवर. घरातली पंगत खाली बसायची आणि दादा वर. वहिनी त्यांना आधीच वाढायच्या, म्हणजे मग त्यांचं जेवण एकट्याचंच व्हायचं.

याचं ते कधी काही बोलले नाहीत. बोलले ते वेळ अमावस्येला.

मार्गशीर्षातली ही अमावस्या, आमच्याकडं तिला येळवस म्हणतात. त्या दिवशी गाव रिकामं होतं, सगळे आपापल्या रानात. ज्वारी कमरेइतकी आलेली असते. रानाच्या मधोमध कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून एक कोप करतात, आत पाच दगड चुन्यानं रंगवून पांडव म्हणून मांडतात. घरातला कर्ता माणूस कोपीत वाकून शिरतो, मांडी घालून बसतो, पूजा करतो, आंबील आणि मिसळ भाज्यांच्या भज्जीचा नैवेद्य दाखवतो. मग सगळे तिथंच मातीवर बसून जेवतात. आमच्या रानात ही पूजा चाळीस वर्षं दादांनी केली.

आजारपणानंतरच्या येळवशीला आम्ही त्यांना खुर्चीसकट रानात नेलं. खुर्ची कोपीच्या तोंडाशी ठेवली. आत भाचा पूजेला बसला आणि दादा बाहेरून त्याला सांगू लागले, हळद आधी, मग कुंकू. पाच मिनिटांत खुर्चीचे पाय काळ्या मातीत रुतायला लागले. एक पाय जास्त रुतला, दादा तिरके झाले. नातवंडं हसली. वाईट हेतूनं नव्हे, लहान होती ती. भाच्यानं उठून खुर्ची हलवली, परत तेच. तिसऱ्या वेळी दादा म्हणाले, मला घरी सोडा.

मी त्यांच्याबरोबर घरी आले. दारात गाडीतून उतरल्यावर दादा म्हणाले, "बाई, पुढच्या येळवशीला मला खाली बसायचंय. कोपीत. कुनी उचलून ठेवलेलं न्हाय."

त्यांनी माझ्याकडं काही मागितल्याची माझ्या आयुष्यातली ती पहिली वेळ. मी त्याच दिवशी वहीत लिहिलं.

दादांना व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरांना मी फोन केला. ते म्हणाले, खुर्चीवरून हात न टेकता उठबस करायला लावा, ती जमली की बैठकीची उंची थोडी कमी करा, असं हळूहळू खाली या. घाई करू नका, जवळ माणूस ठेवा. मी सगळं लिहून घेतलं. शेवटचं वाक्यही लिहून घेतलं होतं, वही आजही माझ्याकडं आहे.

मग मी हिशोब मांडला. खुर्ची सतरा इंच. त्याखाली पंधरा, बारा, नऊ, सहा, चार, आणि मग जमीन. म्हणजे पाच बैठका हव्यात, आणि हातात अकरा महिने. बाजारात प्लास्टिकचं स्टूल मिळतं, पण ते एकाच उंचीचं आणि बसलं की कलतं. सुताराकडून करून घ्यायचं तर धाराशिवात मला हवा तेव्हा सुतार मिळेना. शेवटी वाटलं, चार फळ्या आणि चार पाय, त्यात काय एवढं.

पहिल्या यादीत पाच वस्तू होत्या. करवत, हातोडा, मोजायची टेप, लोखंडी गुण्या आणि पॉलिश पेपर. जे नव्यानं सुरू करतील त्यांना मी आजही हेच सांगेन, की मशीन घेऊ नका, आधी गुण्या घ्या. कोपरा काटकोनात आहे की नाही हे डोळ्याला कळत नाही, डोळा खोटं बोलतो. रंधा आणि पटाशी मी नंतर घेतली. काम करायला घराच्या मागची मोरीशेजारची जागा घेतली, वर पत्रा आहे, खाली शहाबादी फरशी. शनिवारी दुपारी आणि रोज सकाळी अर्धा तास. यजमान पहिल्या आठवड्यात काही बोलले नाहीत. दुसऱ्या आठवड्यात ताटात बघून म्हणाले, "आज भाकरीत पीठ किती आणि भुसा किती, तेवढं सांगून ठेव." तेव्हापासून मी दाराला जुनी साडी लावून काम करायला लागले.

पहिलं स्टूल बाभळीचं. दादांच्या बांधावरची बाभूळ नुकतीच तोडली होती, त्यातला एक ओंडका भाच्यानं चिरून दिला. आपल्याच रानातलं लाकूड आहे, त्यावर दादांनी बसावं, असं मला फार वाटलं. पंधरा दिवस खपून स्टूल केलं. सोळा खिळे मारले. चारही पाय टेकले तेव्हा मी यजमानांना हाक मारून दाखवलं.

गावी नेईपर्यंत ते डुगडुगायला लागलं होतं. आठवड्यात वरची फळी पन्हाळीसारखी वाकली आणि मधोमध चीर गेली. गावात एक म्हातारे सुतार आहेत, पूर्वी घरोघरची औतं तेच भरायचे, म्हणजे नांगर-कुळव जोडून द्यायचे, आता काम फारसं नसतं. मी त्यांना काका म्हणते. त्यांनी स्टूल उलटं केलं, नखानं खरवडलं, नाकाशी नेलं.

"ताई, ह्याच्यातनं अजून पानी गळायलंय," ते म्हणाले. "हे बसायला केलं का कापून खायला?"

दादा हसले. आजारपणानंतर मी त्यांना तोंड भरून हसताना पहिल्यांदा पाहिलं, त्यामुळं मला त्या अपमानाचं काही वाटलं नाही. काकांनी सांगितलं, ओली बाभूळ सहा महिने पाण्यात बुडवून ठेवायची, मग सावलीत वर्षभर वाळवायची, तेव्हा कुठं ती वळत नाही. मी म्हटलं, एवढा वेळ नाही माझ्याकडं. मग वखारीतनं जुनं वाळलेलं कडुलिंबाचं लाकूड घ्या, ते म्हणाले, आणि खिळे मारू नका. पायाच्या टोकाला कुसू काढा, फळीला तेवढंच भोक पाडा, कुसू भोकात ठोकून बसवा. लाकडाला लाकूड धरतं. आणि रानात न्यायचं असेल तर चार सुटे पाय नकोत, ते रुततील. खाली दोन आडव्या पट्ट्या लावा.

दर रविवारी मी जायचे तेव्हा अर्धा तास काकांकडं बसायचे. त्यांचा हात कापायचा, पण पटाशी लाकडाला टेकली की थांबायचा. मी रंधा उलटा मारला की ते फक्त तोंड वाकडं करायचे. लाकडाच्या रेषा ज्या बाजूला झुकतात त्या बाजूनं मारला की भुगा पडत नाही, लांबच लांब पातळ सालपटं निघतात. पहिलं सालपट अखंड निघालं ते मी वहीत दुमडून ठेवलं.

पंधरा इंची स्टूल पाडव्याला तयार झालं. ते डुगडुगलं नाही. दादा त्यावर बसले, पुढं वाकले, डाव्या पायावर जोर घेतला आणि उठले. पहिल्या दिवशी तीनदा. भाच्याच्या वहीचा एक कागद घेऊन मी त्यावर रकाने आखले, वार, उंची, किती वेळा, आणि कॅलेंडरशेजारी भिंतीला लावला. पेन्सिल दोऱ्यानं बांधून ठेवली. दहा वेळा उठबस झाली की त्या दिवसापुढं बरोबरची खूण करायची, डाव्या हातानं. दादा चौथीपर्यंत शिकलेले. खूण करताना जीभ दातात धरायचे.

बारा इंची स्टूल आषाढात झालं. तेही जमलं. मग पोळ्याच्या सुमारास नऊ, दसऱ्याला सहा.

इथं मला नीट लिहायला हवं, कारण पुढचं सगळं इथंच चुकलं. पंधरा आणि बारा मी डोळ्यांनी पाहिलं होतं. नऊपासून मी कागद पाहिला. मी पोचायचे तेव्हा दादा खुर्चीतच असायचे. म्हणायचे, सकाळीच दहा वेळा झालं, पाय भरून आलेत, आता नको. कागदावर आठवडाभराच्या खुणा असायच्या, एकही दिवस रिकामा नाही. वहिनी त्या वेळी चुलीकडं काही तरी करत असायच्या. मी खुणा मोजायचे, माझ्या वहीत उतरवून घ्यायचे आणि पुढच्या बैठकीचं लाकूड बघायला लागायचे. सव्वीस वर्षं मी कागदावर विश्वास ठेवून पगार घेतला आहे. कागद आला म्हणजे काम झालं.

शिवाय, हे कबूल करायला हवं, मला काम आवडायला लागलं होतं. नुसतं दादांसाठी म्हणून नव्हे. कार्यालयात दिवसभर दुसऱ्याच्या सह्या बघून आल्यावर एखादी कड हाताला गुळगुळीत लागली की बरं वाटायचं. काकांनी सहा इंची बैठकीवर हात फिरवला आणि दोन्ही बाजूंनी बघून खाली ठेवली. तोंड वाकडं केलं नाही. मी फाट्यापर्यंत जवळजवळ उड्या मारत गेले.

शेवटची बैठक चार इंची. तिला स्टूल म्हणता येणार नाही, तो पाटच होता. तो मी भाऊबीजेसाठी करायचं ठरवलं. भावाला पाटावर बसवूनच ओवाळतात. मग आपण केलेल्या पाटावर बसवू, आणि तिथून येळवशीला दोन महिने हातात राहतील, असा माझा हिशोब. वखारीत एका पाडलेल्या घराच्या खिडकीची सागाची चौकट मिळाली. एकही खिळा मारला नाही. कडा गोल केल्या, जवसाचं तेल तीनदा पाजलं. माझ्या हातून इतकी चांगली वस्तू त्याआधी झाली नव्हती, त्यानंतरही नाही. एसटीत तो मांडीवर घेऊन बसले होते. शेजारच्या बाईनं विचारलं, देवाचा का? मी म्हटलं, भावाचा.

भाऊबीजेच्या सकाळी वहिनींनी रांगोळी काढली, मी पाट मांडला. दादा धुतलेल्या धोतरात, टोपी घालून तयार. पाट बघून त्यांनी डाव्या हातानं त्याची कड चाचपली आणि म्हणाले, "लई झ्याक केलाय."

मग भाच्यानं एका काखेत आणि वहिनींनी दुसऱ्या काखेत हात घालून त्यांना खाली बसवलं. मला ते वावगं वाटलं नाही. सणाचा दिवस, मानानं बसवतात तसं बसवलं असेल. उजवा पाय त्यांनी पुढं लांब केला. मी कुंकू लावलं, सुपारी ओवाळली, निरांजन ओवाळलं. त्यांनी ताटात ओवाळणी ठेवली. सगळे उभे होते, नातवंडं फराळाकडं बघत होती.

मी ताट बाजूला ठेवलं आणि म्हटलं, "दादा, आता उठून दाखवा. एकदाच."

ते वहिनींकडं बघायला लागले. वहिनी पुढं झाल्या.

मी म्हटलं, "वहिनी, हात नका लावू."

वहिनी थांबल्या. त्या घरात माझा शब्द कुणी मोडत नसे. शिकलेली, नोकरीवाली नणंद, आणि हे सगळं माझंच चाललेलं. दादांनी डावा हात जमिनीवर टेकला. पुढं वाकले. कंबर पाटावरून तीन-चार बोटं उचलली असेल. तिथं ते थांबले, त्यांचा डावा पाय थरथरायला लागला, आणि कुणी धरायच्या आत ते उजव्या बाजूला कोसळले. पाट उडून भिंतीला लागला. त्याचं काही झालं नाही.

खुब्याचं हाड मोडलं होतं. सोलापूरला नेलं, ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन व्यवस्थित झालंय, पण आधीच एक बाजू कमजोर आहे, ते पुन्हा उभे राहतील असं मी सांगत नाही. मी रजा काढून दवाखान्यात राहिले. औषधांची यादी केली, कुशीवर वळवायच्या वेळा लिहिल्या, कागद सगळे एका फाइलला लावले. कामं नीट होत होती. तिसऱ्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात वहिनींनी मला सांगितलं.

नऊ इंचांवरून दादा आधाराशिवाय एकदाही उठले नव्हते. सुरुवातीला वहिनी काखेत हात घालून उठवायच्या, दोनदा-तीनदा. मग तेही दादांनी बंद केलं, वहिनींची पाठ धरते म्हणून. पण रोज संध्याकाळी काठी टेकत भिंतीशी जायचे आणि खूण करायचे.

"तुम्ही मला का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"त्यांनी शपथ घातली हुती," वहिनी म्हणाल्या. "आन् वन्सं, तुमाला सांगायचं कसं? तुमी आल्या आल्या कागदाकडं जायच्या."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

दादांना गावी आणलं. पुढच्या खोलीत कॉट टाकली. मी दर शनिवारी जाऊन रविवारी परत यायचे. पाठीला जखमा होऊ लागल्या, त्या धुवायच्या, पावडर लावायची. भिंतीवरचा कागद कुणी तरी काढून टाकला होता, चार टाचण्यांची भोकं राहिली होती. भाऊबीजेबद्दल कुणीच बोलत नव्हतं. धाराशिवातल्या घरामागची करवत आणि रंधा मी पोत्यात बांधून वर ठेवला.

येळवस आली. घरातल्यांचं म्हणणं, या वर्षी रानात जायला नको, घरीच नैवेद्य दाखवू. दादा ऐकेनात. म्हणाले, ज्वारी उभी हाय आन् कोप न्हाय म्हंजे काय, तिनं काय केलंय? शेवटी सगळे गेले. मी त्यांच्यापाशी थांबले.

गाव इतकं शांत होतं की लांबच्या रानांतली पोरांची ओरड घरात ऐकू येत होती. आंबील शिंपडत, ओलगे ओलगे अशी येळवशीची आरोळी देत पोरं ज्वारीतून पळत असणार. दादा कान देऊन ऐकत होते. मी त्यांचे पाय चोळत होते. उजवा पाय काडी झाला होता.

मला विचारायचं नव्हतं. पण त्या दिवशी घरात दुसरं कुणी नव्हतं. म्हटलं, "दादा, नऊला जमत नव्हतं तर खुणा का केल्या? मी थांबले असते. सहा महिने, वर्षभर थांबले असते."

ते छपराकडं बघू लागले. झटक्यानंतर त्यांना मोठं बोलायचं असलं की आधी शब्द गोळा करावे लागत.

"आदी तू यायचीस तवा पिशवी भरून द्यायचो," ते म्हणाले. "जवारी म्हन, डाळ म्हन, हुरडा म्हन. आता रान पोराच्या हातात. त्यो देतो, न्हाय असं न्हाय. पर म्या काय देनार? आन् तू येवढ्या लांबून ते लाकूड मांडीवर घिऊन यायचीस. चहाच्या आदी कागद बघायचीस. खुना दिसल्या की तोंड कसं व्हायचं तुझं. म्हनलं, हेच देऊ. भनीला रिकामं कसं लावून द्यायचं?"

मी पाय चोळत राहिले.

थोड्या वेळानं ते आपणहून म्हणाले, "बारा मात्र खरं व्हतं, बाई. बाराला कुनाचा हात नव्हता. काठी बी नव्हती."

दुपारी सगळे रानातून आले. दादांनी भाच्याला विचारलं, कोपीचं तोंड उगवतीकडं केलं का. केलं, तो म्हणाला. पूजेला किती वेळ बसलास? अर्धा तास. पाय दुखले का? नाही. मग दादांनी मान हलवली. वहिनींनी वाटीतली आंबील चमच्यानं त्यांना पाजली. तीन चमचे गेले, चौथा ओठांतून बाहेर आला.

माघात ते गेले. छातीत कफ झाला होता. मी धाराशिवाहून पोचेपर्यंत संपलं होतं. घर माणसांनी भरलेलं होतं, आणि पहिल्या क्षणी मला काय दिसलं तर पंधरा इंची स्टुलावर एक पाहुणे बसले होते आणि ते जराही डुगडुगत नव्हतं.

नंतर वहिनींनी मला विचारलं, ह्या लाकडांचं काय करायचं. त्यांना ती डोळ्यांसमोर नको असतील असं वाटून मी म्हटलं, घेऊन जाते. त्या म्हणाल्या, तसं नव्हे, राहू द्या, कामाला येतात. आता पंधरा इंची दाराशी असतं, येणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी. नऊवर पाण्याची घागर आहे. सहावर बसून वहिनी भाजी निवडतात, त्यांना उठता येतं. सागाचा पाट मी आणला. तो कुणालाच नको होता, मलाही नाही, पण तिथं ठेवण्यासारखा नव्हता. बारा इंची कुठं आहे हे मी विचारलं नाही.

पोतं मी पावसाळ्यात सोडलं. करवतीला गंज आला होता, तो राखेनं घासून काढला. काका थकलेत, तरी मी गेले की विचारतात, काय करायलाव. एक लहान फडताळ करायला घेतलंय. कुणासाठी नाही, कधीपर्यंत तेही ठरवलेलं नाही. यजमानांनी भुशाबद्दल काही म्हटलं नाही, तेव्हा मीच त्यांच्या ताटाकडं बघून घेतलं.

मध्ये एकदा जुन्या वहीत मी आषाढातलं ते पान शोधलं. बारा इंचांचा पहिला रविवार. मला वाटलं होतं तिथं काही तरी लिहिलेलं असेल. तिथं माझ्या अक्षरात एवढंच आहे: बारा, झालं. पुढचं नऊ. लिंबाची फळी, दीड फूट, वखार सोमवारी बंद. म्हणजे त्या दिवशी मी तिथं होते. दादा कुणाचा हात न घेता, काठी न घेता बारा इंचांवरून उठले, माझ्यासमोर, भर दुपारी अंगणात. ते उठून उभे राहिले तेव्हा नक्कीच माझ्याकडं बघत असणार. मी बरंच आठवून पाहिलं. मला आठवतं ते लाकूड. ते उठल्याबरोबर मी खाली वाकले होते, स्टुलाचा मागचा पाय सैल झालाय का ते हलवून बघत होते.